डब्यातली ढोबळी मिरची

आमच्या गटात बारा जणी आहोत, आणि त्यातल्या पाच जणींच्या घरी वीतभरही शेत नाही. बैठकीत भाजीपाल्याची माहिती निघाली की त्या गप्प बसतात, कारण सगळा हिशेब एकराचा असतो. म्हणून आज आम्ही अंगणात, ओट्यावर, न्हाणीच्या कडेला डब्यात होणाऱ्या ढोबळी मिरचीबद्दल बोलणार आहोत.

बी टाकून रोपं करायच्या फंदात आम्ही पडत नाही. संकरित बी महाग, आणि लावण्याजोगं रोप व्हायला पाच-सहा आठवडे जातात. रोपवाटिकेत तयार रोपं मिळतात, पण बरेच जण अख्खा ट्रेच घ्या म्हणतात, आणि त्यात कप्पे असतात 98. एकटीला ते जड जातं. बारा जणींनी वर्गणी काढली की प्रत्येकीला आठ रोपं येतात आणि दोन मरतुकीला राहतात.

रोप घेताना उंचीला भुलू नका. वीतभर, जाड बुंध्याचं, पाच-सहा पानांचं रोप चांगलं. पानं उलटून बघा. कडा वर वळलेल्या दिसल्या तर फुलकिडे, खाली वळलेल्या दिसल्या तर कोळी. असा ट्रे परत ठेवा. पावतीवर वाणाचं नाव लिहून घ्याच. तिखट मिरचीचं आणि ढोबळीचं रोप दिसायला सारखंच असतं. ओळखीच्या एका गटाला ढोबळी म्हणून दिलेली रोपं तिखट निघाली, आणि हातात पावती नव्हती, मग भांडणार कशावर?

एका रोपाला पंधरा लिटरचा तेलाचा डबा किंवा रंगाची धुतलेली बादली घ्या. खाली पाच-सहा भोकं पाडा. फवारणीच्या औषधाचा डबा मात्र कितीही घासला तरी वापरायचा नाही. ही भाजी पोटात जाणार आहे. नुसती काळी माती डब्यात दगडासारखी घट्ट होते. दोन घमेली माती असेल तर एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भाताचं तूस किंवा कोकोपीट आणि वर मूठ-मूठ निंबोळी पेंड, असं मिसळून भरा. लावणी संध्याकाळी करा.

हंगाम चुकला की सगळं चुकतं. ढोबळीला 20 ते 28 अंशांचं हवामान मानवतं. 35 च्या वर गेलं की फुलं गळतात. म्हणून पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा. ऊन तापलं की दुपारी जुन्या साडीची सावली करा, नाहीतर फळावर पांढरे चट्टे पडतात.

पाण्याचं आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारतात, कारण टँकरची पाळी सगळ्यांनाच माहीत आहे. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी देऊ नका. चार दिवस कोरडं आणि एक दिवस लोंढा असं झालं की फळाचं बूड काळं पडतं. तो रोग नव्हे, पाण्याचा अनियमितपणा आहे, त्यावर औषध मारून पैसे घालवू नका.

पहिलं फूल खुडून टाका, झाड आधी जोम धरतं. फांद्या ठिसूळ असतात, काठीचा आधार द्या. दहा-बारा दिवसांनी निंबोळी अर्क फवारा: लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळायची, चिमूटभर साबणचुरा टाकायचा.

तिखट मिरचीशेजारी लावली तर ढोबळी तिखट होते, असं सासूबाई सांगतात. यंदाच्या फळाला काही होत नाही. फरक पडतो तो धरलेल्या बियांत.

लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत हिरवं फळ मिळतं. देठासह कात्रीने कापा, ओढू नका. लाल व्हायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. चार फोडी कच्च्याच पोरींच्या ताटात वाढा. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. कुणी म्हणेल, विका की! आठ डब्यांवर धंदा होत नाही. त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका.

आणि संकरित झाडाचं बी राखून ठेवू नका, त्याला तशीच फळं येत नाहीत. पुढच्या ट्रेची वर्गणी ऑगस्टच्या बैठकीतच गोळा करा.