नवा पीसी, काळी स्क्रीन आणि मामाचा मळा

बऱ्याच दिवसांपासून मेसेज येत होते की मोबाईल सोड, कधीतरी खऱ्या कॉम्प्युटरवर बोल. तर आज बोलतो. पार्ट आणले, व्हिडिओ बघून जोडले, बटण दाबलं आणि स्क्रीन काळी. पुढे काय? सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, म्हणजे तुम्हालाही जरा बरं वाटेल.

आमचं गाव पिंपळगाव बसवंत, नाशिकच्या पुढे, आग्रा रोडवर. टोमॅटो, कांदा, द्राक्ष, एवढं सांगितलं की ओळख झाली. मी नोकरीला पुण्यात. माझा मामेभाऊ गावाबाहेर मळ्यात राहतो, नुकताच कॉलेजला लागलाय आणि त्याला थ्रीडी ॲनिमेशनचं वेड आहे. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर आहे ना, फुकट मिळतं, पण त्याला मोबाईल पुरत नाही. पोरगा वर्षभर मामांच्या मागे लागला. शेवटी टोमॅटोला बरा भाव लागला तेव्हा मामांनी सत्तर हजार काढून दिले. त्या पैशांत खरं तर ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्यालाही.

पार्ट आले, त्याने रात्री बसून जोडले, आणि दुसऱ्या दिवशी मला व्हिडिओ कॉल. "दादा, चालूच होत नाहीये." मी ऑफिसात, दोन मीटिंगच्या मध्ये. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, मदरबोर्डवर एक पिवळा लाइट, बाजूला बारीक अक्षरात डीरॅम लिहिलेलं. मी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणालो, "मदरबोर्ड गेला असणार. बदलून घे." झालं. बीटेक झालेल्या दादाने निकाल दिला.

दुकानदार म्हणाला, सात दिवसांत आणा, पण आधी तुम्ही नीट जोडलंय का ते बघा. हेही बरोबरच. आता पोरगा अडकला. मामांना सांगावं तर सत्तर हजार पाण्यात. चार दिवस त्याने घरात काही सांगितलंच नाही. रात्री खोलीचं दार लावायचा, पीसी चालू करायचा आणि पंख्याच्या आवाजात काळ्या स्क्रीनसमोर बसायचा. मला कळलं ते मामीचा फोन आला तेव्हा. मामी कौतुकाने सांगत होती, "अरे, दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटर चालवतो तो!" खरं सांगतो, तेव्हा मला माझी लाज वाटली. शनिवारी सकाळी बाईक काढली, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक करत दुपारी मळ्यात.

आता गोष्ट इथे थांबवतो, कारण कामाचं आधी बोलायला हवं.

"चालू होत नाही" हे वाक्य काहीच सांगत नाही. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे ते. तुमच्या पीसीचं नेमकं काय होतंय? एक म्हणजे पंखा नाही, लाइट नाही, साधी हालचाल नाही. मग प्रश्न बहुतेक वेळा विजेच्या वाटेत असतो. बोर्डावरचं बटण, एसएमपीएसच्या मागचं काळं बटण, मदरबोर्डची रुंद चोवीस पिनांची केबल. आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाची ती इवलीशी दोन पिनांची वायर, जी चुकीच्या पिनांवर बसणं फार सोपं आहे. ती काढायची आणि मदरबोर्डवर पॉवर स्विच लिहिलेल्या त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवायच्या. पीसी चालू झाला तर गुन्हेगार बटण. जुन्या किंवा स्वस्तातल्या एसएमपीएसला मागे लाल स्विच असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून लाइट दिलीत तर आवाज येईल, आणि मग काही शोधायची गरज उरणार नाही.

दुसरा प्रकार, सेकंदभर चालू होऊन लगेच बंद. इथे शॉर्ट सर्किटचा संशय घ्यायचा. मदरबोर्ड ज्या पितळी नटांवर बसतो त्यातला एखादा चुकीच्या जागी राहिला की तो खालून बोर्डाला टेकतो. बोर्ड बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथे चालू करून बघा. खोक्यावर चालला तर दोष कॅबिनेटमध्ये बसवण्यात आहे. प्रोसेसरची वरची आठ पिनांची केबलही तपासा. ती आणि ग्राफिक कार्डची आठ पिनांची केबल दिसायला बहिणी-बहिणी, पण वेगळ्या आहेत. एक चार अधिक चार अशी तुटते, दुसरी सहा अधिक दोन. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. मदरबोर्डकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाला तारांचा क्रम वेगळा असू शकतो. नवी एसएसडी जाळायला तेवढं बास. आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.

तिसरा प्रकार आमच्या पोराचा. पंखे फिरतात, लाइट लागतात, पण चित्र नाही.

तर मी पोचलो. मामा बागेत होते, द्राक्षाची गोडी छाटणी चालू होती. मी कॅबिनेटला हात लावला तर बोटांना झिणझिण्या. घरात अर्थिंगच नव्हतं, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी वायर कुठेच जोडलेली नव्हती. त्याने पीसी बंद पडत नाही, पण हे नीट असायलाच हवं, म्हणून नोंद करून ठेवली. मग मी पोराला म्हणालो, "स्क्रू ड्रायव्हर नको, वही आण. चार दिवसांत काय काय केलंस ते क्रमाने लिही."

तो म्हणाला, "दादा, सगळंच करून पाहिलं." हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो. स्वतःही बोलतो. सॉफ्टवेअरमध्ये बग सापडत नसला की माणूस एकदम पाच गोष्टी बदलतो, मग चाललं तरी कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि नाही चाललं तर मूळ जागेवर परत कसं यायचं तेही कळत नाही.

त्याने लिहिलं. रॅम काढून लावली. मदरबोर्डचा गोल सेल काढून पाच मिनिटांनी परत लावला. असं करत सातव्या ओळीवर होतं: मॉनिटरची केबल मदरबोर्डमधून काढून ग्राफिक कार्डला लावली, नाही झालं, परत मदरबोर्डला लावली.

मी विचारलं, "प्रोसेसरच्या नावात शेवटी काय आहे?" एफ. आता इंटेल असो की एएमडी, नव्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असला की त्याच्या पोटात चित्र दाखवणारा भाग चालू नसतो. म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. अशा पीसीत मदरबोर्डचं एचडीएमआय भोक निव्वळ शोभेचं. म्हणजे पोराने केबल कार्डला लावली ते बरोबरच होतं! मग चित्र का नाही आलं?

"कार्डला लावल्यावर किती वेळ थांबलास?"

"तीस-चाळीस सेकंद. पिवळा लाइट जातच नव्हता, मग बटण दाबून धरलं."

इथे दुसरी गाठ होती. त्याची रॅम डीडीआर५. ही रॅम इतक्या वेगाने चालते की मदरबोर्ड पहिल्यांदा चालू होताना प्रत्येक रॅमपट्टीशी जमवून घेतो. सिग्नल नेमका कधी पाठवायचा, किती व्होल्टेजवर वाचायचा, हे करून करून बघतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पहिल्या वेळी याला काही मिनिटं लागू शकतात, पट्ट्या जास्त, रॅम मोठी, तर अजून जास्त. तोवर स्क्रीन काळी, आणि डीरॅमचा लाइट चालू. हा लाइट "रॅम खराब" म्हणत नसतो, "सध्या रॅमवर काम चालू आहे" म्हणत असतो. मोबाईल तीस सेकंदांत चालू होतो, त्यामुळे आपल्याला तीस सेकंद म्हणजे खूप वाटतात. पोरगा दरवेळी मध्येच बंद करत होता, आणि दरवेळी ते ट्रेनिंग शून्यापासून.

म्हणजे एक नाही, दोन चुका होत्या. दाराला दोन कुलपं आहेत असं समजा. एक उघडलंत, दार ढकललंत, उघडलं नाही. तुम्हाला वाटलं किल्ली चुकीची, म्हणून तुम्ही उघडलेलं कुलूप परत लावून टाकलंत. बरोबर उपाय केला, फळ दिसलं नाही, म्हणून उपायच रद्द केला. माझ्या मते नवीन पीसी जोडणारे सगळ्यात जास्त इथे अडकतात. म्हणून वही. आणि म्हणून जे बदल नक्की बरोबर आहेत, ते लगेच फळ दिसलं नाही तरी तसेच ठेवायचे.

मग आम्ही पीसी कमीत कमी सामानावर आणला. प्लग काढला. एसएसडी, जादा पंखे बाजूला. एकच रॅमपट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, दोन्ही टोकांना 'टक' आवाज येईपर्यंत दाबून. केबल ग्राफिक कार्डला. बास.

आधी छोटं चालवा, मग वाढवा, ही पद्धत आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर बांधला गेला, १९६० मध्ये तो कामाला लागला, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला नाव दिलं. अडीच हजारांहून जास्त व्हॅक्यूम ट्यूब होत्या त्यात. पण थेट तो मोठा नाही बांधला. आधी १९५६ च्या सुमारास एक छोटं प्रायोगिक मशीन बांधून चालवून बघितलं, मग मोठ्याला हात घातला. आपण सगळे पार्ट पहिल्याच रात्री कॅबिनेटमध्ये कोंबतो, वर रंगीत लाइटवाले पंखे, आणि मग बटण दाबतो.

बटण दाबलं. मी घड्याळ लावलं आणि पोराला म्हणालो, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. पिवळा लाइट लागला. एक मिनिट. दुसरं संपत आलं. आणि लाइट गेली.

मळ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. थ्री-फेज यायची वेळ झाली की आजूबाजूच्या मोटारी एकदम चालू होतात, बल्ब बारीक होतो, कधी कधी जातोच. पोराचा चेहरा बघवत नव्हता. "जळालं का दादा?" नाही रे. ट्रेनिंगच्या मध्ये लाइट गेली तर फक्त परत पहिल्यापासून. हां, बायोस अपडेट करताना गेली तर मात्र बोर्ड खरंच अडकू शकतो, म्हणून मळ्यात असाल तर बायोस अपडेट यूपीएसवरच करा. आमच्याकडे यूपीएस नव्हता, म्हणून बायोसला मी हातच लावला नव्हता.

पाऊण तास ओट्यावर बसलो. मामीने चहा दिला. लाइट आली, अजून दहा मिनिटं थांबलो, व्होल्टेज स्थिर होऊ दिलं, आणि परत बटण. एक मिनिट, दोन, तीन. साडेतीन मिनिटांनी पिवळा लाइट विझला, मॉनिटर जागा झाला आणि बायोसची स्क्रीन आली. पोरगा काहीच बोलला नाही. नुसता बघत बसला.

तेवढ्यात मामा दारात. हातात छाटणीची कात्री. "झालं का चालू?"

पोराने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "पप्पा, चार दिवस बंदच होता हा. मी सांगितलं नाही."

मामा म्हणाले, "मला काय माहीत नाही का? मोटार नुसती हुं हुं करते आणि पाइपातून पाणी येत नाही, तो आवाज मला कळतो." मग माझ्याकडे वळून, "भाचे, आता बंद करून परत चालू होईल ना? का दरवेळी तुम्हाला पुण्याहून यायला लागेल?"

प्रश्न एकदम बरोबर होता. बंद केला, परत चालू केला, अर्ध्या मिनिटाच्या आत स्क्रीन. ट्रेनिंगचा निकाल मदरबोर्ड लक्षात ठेवतो, म्हणून दुसऱ्या वेळी लवकर. मग दुसरी रॅमपट्टी चौथ्या खाचेत, परत काही मिनिटं काळी स्क्रीन, पण यावेळी कोणी बटणाकडे गेलं नाही. मग एसएसडी, मग पंखे, एकेक करून. रात्री अकराला विंडोज.

दुकानाचे सात दिवस संपायला दोन दिवस बाकी होते. माझं ऐकून बोर्ड परत केला असता तर नवा बोर्डही तीस सेकंदांत "खराब" निघाला असता.

त्याच आठवड्यात मामांनी वायरमन बोलावून त्या खोलीचं अर्थिंग करून घेतलं. ठिबकच्या नळ्या अजून जुन्याच आहेत.

तुमचा पीसी अडला असेल तर मेसेज करा, पण आधी वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात.