दावणीची गाय

(वसुबारसेनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आश्विन वद्य द्वादशीला आपण सवत्स धेनूचे पूजन करतो. त्या दिवशी अनेक घरांतील गृहिणी दूध-तूप वर्ज्य करतात. वासराचा वाटा वासरालाच, असा त्याचा अर्थ जुनी माणसे सांगत. शहरात गाय दाराशी येणे दुर्घट झाले, म्हणून पाटावर मातीची गाय-वासरे मांडली जातात. त्यात गैर काही नाही. पण जिच्या पुढ्यात रोज वैरण टाकावी लागते, त्या गाईचे काय?

माणदेशातील खिलार, मराठवाड्यातील देवणी आणि लाल कंधारी, वर्ध्याकडील गवळाऊ, कोकणची कपिला, ही आपली गोधने त्या त्या भूमीने घडविली आहेत. अकोले-इगतपुरीच्या डोंगरांतील डांगीच्या कातडीवर तेलकट अंश असतो. मुसळधार पावसातही ती चरते. असे वाण एकदा गेले की विकत मिळत नाही. आणि ते जात आहे. 2019 च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश 2012 च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटला. संकरित आणि विदेशी मात्र सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढला.

याचे कारण श्रद्धा आटली, असे मला वाटत नाही. देशी गाय शेतकऱ्याला परवडे ती मुख्यतः बैलासाठी. दूध ही वरकड प्राप्ती. ट्रॅक्टर आला आणि गोऱ्हा ओझे झाला. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्याने होतीच. 1995 च्या दुरुस्ती विधेयकाला 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांनाही संरक्षण लाभले. त्याचे स्वागत आपण केले, ते योग्यच होते. परंतु थकलेल्या बैलाची वैरण कोणी पुरवायची, हे कायदा सांगत नाही. तो भार कोरडवाहू शेतकऱ्यावर पडला, आणि आपण सत्कार समारंभ केले!

2024 मध्ये राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून गौरविले. गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन पन्नास रुपयांचे अनुदानही ठरले. पन्नास रुपयांत दिवसाची वैरण निघते का, हे एखाद्या गोशाळाचालकालाच विचारावे. शिवाय हे साहाय्य गोशाळेला आहे, दावणीला नाही.

जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे दिवस वर्ध्यात गोसेवेला वाहिले. 1942 मध्ये ते गेले. वर्ध्याचे गोरस भांडार आजही गाईच्या दुधावर चालते. गाईच्या दुधाला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले की गोपालक टिकतो, एवढे साधे हे गणित आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या प्रत्येक वस्तीतील वीस घरांनी मिळून जवळच्या एका देशी गोपालकाशी वर्षभराच्या दुधाचा व्यवहार ठरवावा. दर त्याने सांगावा, आपण घासाघीस करू नये. गाय भाकड असेल त्या महिन्यांतही ठरलेली रक्कम त्याच्या घरी पोहोचती करावी. ज्यांची तयारी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर आपली नावे आजच नोंदवावीत.