मेहर माफ करायचा, हे कुठल्या पायरीवरचं?

 

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की बोलणं घरादारावर येतंच. अशाच एका बैठकीत आमच्या एका ताईंनी मुलीच्या निकाहासाठी कर्जाचा अर्ज दिला. मंडप, जेवण, दागिने, सगळा खर्च लिहिलेला. आम्ही सहज विचारलं, "मेहर किती ठरला?"

ताई म्हणाल्या, "तो काय, नावाला लिहायचा. पहिल्या रात्री माफच करायचा असतो."

शेजारच्या खालांनी मान हलवली, "पहिल्यापासून तसंच चालत आलंय."

मुलगी मागे बसली होती. ती हळूच म्हणाली, "खाला, पण हे लिहिलंय कुठं?"

बैठक गप्प झाली. आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग पुढच्या बैठकीला आम्ही धर्माचं शिक्षण घेतलेल्या एका आलिमाबाईंना बोलावलं. त्यांच्याकडून जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आपल्या गटाचंच बघा. अध्यक्षा तोंडी म्हणाल्या म्हणून पैसे निघत नाहीत, ठराव वहीत लागतो. आणि ठराव असला तरी तो नियमावलीच्या विरुद्ध असेल तर टिकत नाही. म्हणजे कुणाचा शब्द वर आणि कुणाचा खाली, हे ठरलेलं असतं. इस्लाममध्येही तशा पायऱ्या आहेत.

सगळ्यात वर कुरआन. त्याखाली सुन्नत, म्हणजे पैगंबरांचं बोलणं आणि वागणं. ते आपल्याला हदीसमधून कळतं. हदीस कुणी कुणाकडून ऐकली, याची साखळी तपासतात. साखळी पक्की असेल तर हदीस सहीह, कच्ची असेल तर जईफ. म्हणून "हदीसमध्ये आहे" एवढं ऐकून थांबायचं नाही. ती कुठली आणि किती पक्की, हेही विचारायचं. आणि हे लक्षात ठेवा, २,००० हून अधिक हदीस बीबी आयेशा यांच्या नावावर आहेत. मोठमोठे जाणकार त्यांच्याकडे मसले विचारायला येत.

तिसरी पायरी इज्मा, म्हणजे जाणकारांचं एकमत. चौथी कियास, म्हणजे माहीत असलेल्या नियमावरून नव्या गोष्टीचा निर्णय काढणं. कुरआनात दारूला मनाई आहे. गर्दचं नाव तिथं नाही. पण नशा दोन्हीत आहे, म्हणून मनाईही दोन्हीला.

हा क्रम इमाम शाफई यांनी 'अर-रिसाला' या ग्रंथात नीट मांडला. ते इ. स. ८२० मध्ये वारले. आपल्या कोकणातले मुसलमान बहुतेक त्यांच्याच, शाफई पंथाचे. घाटावर बहुतेक हनफी. बारकाव्यात फरक आहेत, पण या चार पायऱ्या दोघेही मानतात. शिया पंथात चौथ्या पायरीवर कियासऐवजी अक्ल, म्हणजे बुद्धी धरतात.

मग रिवाज कुठं? तो या सगळ्यांच्या खाली. वरच्या पायरीला धक्का लागत नसेल तोवरच तो चालतो. आणि फतवा? फतवा म्हणजे जाणकाराचं मत. तो कुणावर जबरदस्तीनं लादता येत नाही, त्याला कायद्याचं बळ नाही, असं सुप्रीम कोर्टानंही २०१४ साली स्पष्ट केलं आहे.

आता मेहरकडे येऊ. कुरआनाच्या चौथ्या सूरेचं नावच 'अन-निसा', म्हणजे स्त्रिया. तिच्या चौथ्या आयतीत सांगितलंय, की बायकांना त्यांचा मेहर आनंदानं द्या. त्यांनी आपल्या खुशीनं त्यातलं काही सोडलं, तर ते घ्यायला हरकत नाही. म्हणजे माफी आहे, पण ती बायकोच्या खुशीची. नव्या घरात, पहिल्याच रात्री, "माफ केला म्हण" असं सांगितल्यावर मान हलवणाऱ्या मुलीची खुशी कुणी विचारली? माफ करायचाच, हा रिवाज झाला. तो सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन बसवायचा नाही.

आलिमाबाईंनी एक गोष्टही सांगितली. खलिफा उमर मेहरच्या रकमेला मर्यादा घालायला निघाले. तेव्हा एका बाईनं उठून याच सूरेतली विसावी आयत पुढे केली. खलिफांनी बाईचं बरोबर, आपलं चुकलं, असं कबूल केलं. या गोष्टीची साखळी पक्की नाही असं काही जाणकार म्हणतात, हेही बाईंनीच सांगितलं. असं सांगणारं माणूस आम्हाला भरवशाचं वाटतं.

मैत्रिणींनो, कर्ज काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मेहर हे नवऱ्यावरचं बायकोचं कर्ज आहे. नवरा वारला तर आधी कर्जं फेडायची, त्यात मेहरही आला. वारसांच्या वाटण्या त्यानंतर. म्हणून निकाहनाम्यात रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या. रोख किती, उधार किती, तेही लिहा. सही करण्याआधी मुलीला वाचून दाखवा. एक प्रत तिच्याजवळ राहू द्या.

आमच्या त्या ताईंनी कर्जाची रक्कम कमी करून नवा अर्ज दिला. निकाहनाम्यात मेहर व्यवस्थित लिहिला गेला, अर्धा रोख आणि अर्धा उधार. त्या दिवशी खाला आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझा चाळीस वर्षांपूर्वी माफ झाला. मला वाटलं, अल्लाचाच हुकूम आहे. कुणाला विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं."

विचारणं म्हणजे धर्माचा अपमान नाही. आणि हे फक्त मोहल्ल्यापुरतं नाही. वाडीतल्या बायकांनाही "शास्त्रात आहे" म्हणून गप्प बसवतातच की. तेव्हा यापुढे कुणी म्हणालं, "धर्मात असंच आहे," तर आवाज न चढवता एवढंच विचारूया: हे कुठल्या पायरीवरचं?