बोळ, वहिवाट आणि अपील

दोन मिळकतींमधल्या एका चिंचोळ्या पट्टीचा वाद. वाद्यांचे म्हणणे, ही जागा आमच्या मालकीची. पहिल्या अपिलात मालकी शाबीत होत नाही असे ठरले. उच्च न्यायालयालाही ते पटले. पण तिथून जाण्यायेण्याची वहिवाट तर आहे, असे म्हणून त्याने वाद्यांच्या पदरात काहीतरी टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तेही काढून घेतले.

वहिवाटीचा हक्क वाद्यांनी दाव्यात मागितलाच नव्हता. त्यावर मुद्दा निघाला नव्हता. असा हक्क असतो तो दुसऱ्याच्या जमिनीवर. दीर्घ वापराच्या जोरावर मागायचा तर १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांचा उघड, अखंड वापर शाबीत करावा लागतो. ‘जागा माझीच’ म्हणणारा हा पुरावा देणार कशाला? आणि जी गोष्ट कोणी मांडलीच नाही, तिच्याविरुद्ध प्रतिवादी साक्षीदार तरी कसे आणणार?

मुद्दे काढायची तारीख बहुधा पाच-दहा मिनिटांत उरकते. पक्षकार हजर असतोच असे नाही. एकाने सांगितलेल्या आणि दुसऱ्याने कैफियतीत नाकारलेल्या महत्त्वाच्या गोष्टी न्यायाधीश प्रश्नरूपाने लिहितात: वादी मालकी शाबीत करतात काय? दावा मुदतीत आहे काय? पुढची सारी सरतपासणी-उलटतपासणी या चार-सहा ओळींभोवती फिरते, आणि अपिलातही त्याच ओळी वाचल्या जातात.

मुद्दा राहिला म्हणजे निकाल बुडालाच, असे मात्र नाही. आंध्रातल्या इनाम जमिनीच्या एका जुन्या खटल्यात एक मुद्दा निघालाच नव्हता. तरी भांडण कशाचे हे ओळखून दोन्ही बाजूंनी पुरावा दिला होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती उणीव घातक मानली नाही.

पहिल्या अपिलात पुरावा पुन्हा तपासता येतो. अपील न्यायालयाने निर्णयाचे मुद्दे मांडून कारणे द्यायची असतात. ‘खालच्या कोर्टाशी सहमत’ एवढ्यावर भागत नाही. एखादा मुद्दा सुटला असेल तर तेवढाच खाली पाठवून त्यावर निष्कर्ष मागवता येतो. ही वाट बरी. सगळा दावाच फेरचौकशीला परत धाडला, तर म्हाताऱ्या पक्षकाराच्या नशिबी पुन्हा पहिली तारीख येते.

दुसऱ्या अपिलाचा दरवाजा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १९७६ च्या दुरुस्तीने बराच अरुंद केला. उच्च न्यायालयापुढे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. साक्षीदार खरा बोलला की खोटा, यात ते सहसा शिरत नाही.

तेव्हा ज्यांचा दावा आज चालू आहे, त्यांनी न्यायाधीशांनी काढलेल्या मुद्द्यांची प्रत वकिलांकडून मागून वाचावी. काही राहिले असेल, तर हुकूमनामा होण्यापूर्वी मुद्दा वाढवून घेता येतो. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस त्यात धरले जात नाहीत. नकलेचा अर्ज मात्र निकाल लागताच द्यावा.