वाळवंटातला तांब्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी "तुमच्या सायकलच्या सफरीबद्दल चार शब्द सांगा" असा आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे. काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्याच पन्नाशीच्या आसपासच्या. एक शाळेत शिकवते, एक परिचारिका आहे, एक घरचे दुकान पाहते आणि मी तुमच्यातलीच. गेल्या जानेवारीत आम्ही जोधपूरहून जैसलमेरला सायकलने गेलो. ओसियां, फलोदी, रामदेवरा, पोकरण असा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता. पाच दिवस लागले. "या वयात हे काय खूळ!" हे निघताना ऐकून घ्यावे लागलेच.

वाळवंट म्हटले की नुसत्या वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात खडकाळ माळ, खुरटी झुडपे आणि मधूनमधून वाळू. झाड दिसते ते खेजडीचे. ही आपली शमीच, दसऱ्याला पुजतो ती! तिच्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून भाजीसाठी ठेवतात. फलोदीजवळच्या खीचन गावी हिवाळ्यात हजारो कुरजा पक्षी उतरतात आणि गावकरी त्यांना दाणे घालतात. काटेही तितकेच. सायकल रस्त्याखाली उतरवली की सराटे रुतलेच म्हणून समजा. पहिल्या दोन दिवसांत सात पंक्चर काढली!

पण मला सांगायचे आहे ते चौथ्या दिवसाचे. पोकरण सोडल्यावर एका चहावाल्याने आडवाट सांगितली. आमची शिक्षिका मैत्रीण "डांबरी रस्ता सोडायला नको" म्हणत होती. दहा किलोमीटर वाचतील म्हणून मी हट्टाला पेटले आणि सगळ्यांना त्या वाटेने नेले. थोड्याच वेळात चाके वाळूत रुतली. दोन तास सायकली ढकलल्या. फोन लागेना, पाणी संपले. परिचारिकाबाईंना भोवळ येऊ लागली, तेव्हा मात्र माझे धाबे दणाणले.

दुपारी एक ढाणी दिसली. दोन-तीन झोपड्यांच्या वस्तीला तिकडे ढाणी म्हणतात. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हांला सावलीत बसवले आणि तांब्या भरून आणला. तिघी घोट घोट प्यायल्या. माझी पाळी आली तेव्हा मी खळखळून चूळ भरून टाकली, तोंडावर पाणी मारले, हात धुतले. आपल्याकडे करतो तसेच. त्यांची दोन नातवंडे जमिनीवरच्या त्या ओल्या डागाकडे टक लावून पाहत राहिली. आजी काही बोलल्या नाहीत. तांब्या पुन्हा भरून आणला.

नंतर त्यांनी टांका दाखवला. जमिनीखालचे गोल टाके, वर झाकण, त्याला कुलूप. भोवती उतरती, चोपून घट्ट केलेली जमीन. तिला आगोर म्हणतात. पावसाचे पाणी तीवरून टाक्यात उतरते. जैसलमेरकडे वर्षाला पाऊस जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर; आपल्या मुंबईत २०० हून जास्त. टाके आटले की टँकर विकत घ्यायचा. आजी रोजचे पाणी बादलीने मोजून काढत.

मी पैसे पुढे केले. आजींनी माझा हात बाजूला सारला. "पाण्याचे का कोणी पैसे घेते, बाईसा?" मान वर करवेना. त्यांच्या नातवाने डांबरी रस्त्यापर्यंत वाट दाखवली. संध्याकाळी मी मैत्रिणींची क्षमा मागितली. शिक्षिकाबाई एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वेळी ऐक हो."

जैसलमेरचा किल्ला पाहिला, तो सुंदरच आहे. पण घरी आल्यावर मला सारखा तो ओला डाग दिसतो. सकाळी नळ वाहता ठेवून दात घासणे मी बंद केले आहे.

आज अल्पोपाहाराच्या वेळी पेले अर्धेच भरलेले पाहून काही जणींनी नाक मुरडले असेल. ती विनंती माझी होती. हवे तिने खुशाल पुन्हा मागून घ्यावे; उष्टे टाकण्यापेक्षा ते बरे.

आणि ज्यांना सायकल येते, किंवा शिकायची आहे, त्यांनी रविवारी सकाळी सहाला मंडळाच्या दाराशी यावे. वाट कोणती धरायची ते या खेपेला सर्वांना विचारून ठरवू.