झाडं लावायची जूनमध्ये, मोजायची मे महिन्यात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात जागतिक पर्यावरण दिनानिमित्त आवारात झालेल्या कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून देत आहोत.)



पाहुणा वक्ता आणायचा तर मानधन आलं, गाडीभाडं आलं, नारळ-शाल आली. त्यापेक्षा घरचाच माणूस बरा, असा काटकसरी विचार करून कमिटीने मला उभं केलंय. सोसायटीचा पैसा वाचवल्याबद्दल आधी कमिटीचं अभिनंदन!

आज ५ जून. १९७२ साली याच तारखेला स्टॉकहोमला पर्यावरणावरची जागतिक परिषद सुरू झाली, म्हणून हा दिवस. पण आपल्या देशात असा सोहळा त्याच्याही आधीपासून आहे. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी केंद्रात अन्न आणि शेती खात्याचे मंत्री असताना त्यांनी वनमहोत्सव सुरू केला. जुलैचा पहिला आठवडा. तेव्हापासून शाळा, कचेऱ्या, सोसायट्या सगळीकडे दरवर्षी खड्डे खणले जातात, रोपं लागतात, फोटो निघतात.

कोकणात लावणीसाठी हे दिवस चांगलेच. पावसाळ्यात काठी खोचली तरी तिला पालवी फुटते. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढं पाणी असताना रोप मरेल कसं? तर ते पावसाळ्यात मरतच नाही. ते मरतं फेब्रुवारीनंतर. सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आपला जांभा तो धरून ठेवत नाही, आणि होळीनंतर जमीन अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. त्या वेळी रोपाकडे बघायला कोणी नसतं. एप्रिलमध्ये उरतो तो फक्त बांबूचा आधार. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवीन रोप, नवीन फोटो!

म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : झाडं जूनमध्ये लावूया, पण त्यांचा सण मे महिन्यात करूया. १ मेला झेंडावंदन झालं की सगळ्यांनी आवारात फिरायचं आणि जगलेली झाडं मोजायची. किती लावली हा आकडा अहवालात नको. किती जगली तो आकडा वार्षिक सभेत वाचून दाखवायचा. १ मे का? त्या सुमारास आपल्या राज्याचं फूल, ताम्हण, फुललेलं असतं. सजावटीचा खर्च नाही!

मुंबईच्या मंडळींना एक विचारतो. धारावीसमोर, मिठी नदीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ते किती जणांनी बघितलंय? सदतीस एकरांच्या आसपास जागा. पूर्वी तिथे मुंबईचा कचरा पडायचा. त्या कचऱ्यावर माती घालून झाडं लावली, वाढवली, आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज शाळांची मुलं तिथे फुलपाखरं आणि पक्षी बघायला जातात. कचऱ्यावर जंगल उभं राहिलं ते एका दिवसाच्या कार्यक्रमाने नव्हे. वर्षानुवर्षं कोणीतरी पाणी घातलं, मेलेल्याच्या जागी दुसरं लावलं, तेव्हा कुठे सावली पडली.

शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्यात दर पाच वर्षांनी तरी झाडांची गणना करायची, असं सांगितलंय. आपली पाली ग्रामपंचायतीची. शहरांचा तो कायदा आपल्याला नाही. आपली झाडं मोजायला सरकारी माणूस येणार नाही. मग आपणच मोजूया. दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक झाडाला नंबर, नाव, कधी लावलं, कोणी सांभाळायचं. नंबर रंगाने घाला, खिळा ठोकू नका.

हे आत्ताच का बोलतोय, ते तुम्ही रोज बघताय. महामार्ग चौपदरी होताना रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. रस्ता हवाच होता. ॲम्ब्युलन्स वेळेत पोचावी असं कोणाला वाटणार नाही? पण जुना वड गेला की त्या जागी दहा रोपं लावून हिशेब मिटत नाही. धनेश पक्षी, ज्यातल्या मोठ्याला आपल्याकडे गरुड म्हणतात, तो जुन्या झाडाच्या ढोलीतच घरटं करतो. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, आणि नर फटीतून तिला वड-उंबराची फळं भरवतो. ही ढोली कुठल्याही नर्सरीत मिळत नाही.

आता वर्षभराचा बेत सांगतो. खर्च जवळजवळ नाहीच.

जून-जुलै : मोजकीच रोपं लावायची, जेवढी सांभाळता येतील तेवढीच. ताम्हण, बकुळ, सुरंगी, रातांबा, उंडी. इथलीच झाडं. खड्डा मेमध्येच खणून ठेवायचा, मीटरभर लांब, रुंद, खोल. जांभ्यात लहान खड्डा म्हणजे रोपाला कुंडीच.

सप्टेंबर : मुलांनो, हा तुमचा महिना. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका. ती नीलवंत फुलपाखराची अळी असू शकते. २०१५ साली नीलवंत आपल्या राज्याचं फुलपाखरू झालं. देशात राज्य-फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

नोव्हेंबर : ५ ते १२ पक्षी सप्ताह. ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला डॉ. सालिम अलींचा. २०२० पासून राज्यभर साजरा होतो. एक सकाळ गच्चीवर जमायचं, चहा कमिटीचा.

डिसेंबर : पातेरा जाळायचा नाही. जमवून झाडांच्या बुंध्याशी पसरायचा. ओल टिकते, आणि आमच्या खोकल्याच्या बाटल्याही वाचतात.

फेब्रुवारी : जगभरचे लोक चार दिवस आपापल्या परसातले पक्षी मोजतात, भारतातही २०१३ पासून. निदान पंधरा मिनिटं बसून मोजायचं. आजोबा-आजींना याहून सोपं काम नाही.

मार्च ते मे : खरी परीक्षा. प्रत्येक झाडाला एक घर. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवा आणि संध्याकाळी घाला. बुंध्याजवळ मडकं पुरून ठेवलं तर पाणी हळूहळू झिरपत राहतं.

आणि आता अवघड गोष्ट. मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक घालायचा प्रस्ताव आहे. गाड्या वाढल्यात, पावसात चिखल होतो, वहिनी मंडळी साडी सावरत चालतात. तक्रार खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण याच जागेतून पाणी जमिनीत मुरतं, आणि मे महिन्यात आपण विहिरीत वाकून बघतो ते त्याच्याचसाठी. सगळी जागा झाकली तर गच्चीवरचं, आवारातलं पाणी गटाराला जाईल आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येईल. माझी सूचना मधली आहे : गाडीची चाकं जातात तेवढ्या दोन पट्ट्या आणि पायवाट पक्की करा, आंब्याभोवतीची माती मोकळी ठेवा, आणि पन्हाळींचं पाणी तिकडे वळवा. सभेत यावर मत द्याल तेव्हा पार्किंगचा हिशेब करा, तसा विहिरीचाही करा.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे पहिली बिल्डिंग उभी राहिली तेव्हा हा आंबा होताच. बांधणाऱ्यांनी तो ठेवला म्हणून आज आपण त्याच्या सावलीत खुर्च्या मांडल्यात. पुढे बसलेली ही मुलं सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला तिशी-पस्तिशीची असतील. त्यांना खुर्च्या कुठे मांडायच्या, ते आपल्या वहीवर ठरणार आहे.

वही मी आणलीय. कार्यक्रमानंतर टेबलावर ठेवतो. ज्याला जे झाड हवं, त्याने त्याच्यापुढे आपल्या घराचं नाव लिहावं. १ मेला भेटूच.