घरांतील वेल आणि कात्रीचें भय



शहरांतील घरांना आज अंगण उरलें नाहीं. परंतु खिडकीपाशीं एखादी वेल नाहीं असें घर विरळाच. ही वेल बहुधा मनी प्लँटची असते. दाराच्या चौकटीवरून ती फिरविलेली असते आणि तिची लांबी पाहुण्यांना कौतुकानें दाखविली जाते. जवळ जाऊन पाहावें तों शेंड्याकडे पांचसात पानें आणि मागें हातभर नुसती दोरी! घरचीं माणसें तिला पाणी घालतात, तिचीं पानें पुसतात. पण कात्री लावा म्हटलें कीं हात थबकतो. वाढती वेल कापली तर घराची भरभराटच कापल्यासारखें होईल, अशी कित्येकांची समजूत असते. आजचें भाषण ह्या भयाविषयीं आहे.

ह्या वेलीचा पैशाशीं संबंध केवळ नांवापुरता. तिचें मूळ स्थान प्रशांत महासागरांतील मोऑरिया बेट. रानांत ती उंच वृक्षांवर चढते आणि वर जातां जातां तिचीं पानें हातभर व त्याहूनहि मोठीं होतात. आपण घरीं पाहतों तें तिचें बालरूप होय. लोंबती ठेवली तर पानें लहानच राहतात. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढविली व काथ्या ओलसर ठेवला तर तीं मोठीं होऊं लागतात.

आतां कात्रीचें शास्त्र पाहूं. वेलीच्या प्रत्येक पेरावर, पानाच्या बगलेंत, एक डोळा झोंपलेला असतो. शेंड्यांत ऑक्झिन नांवाचें द्रव्य तयार होऊन खालीं उतरतें आणि त्याच्या धाकानें हे डोळे फुटत नाहींत. थिमन व स्कूग ह्या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं शेंगवर्गीय रोपांवर प्रयोग केले. शेंडा खुडला कीं खालचे डोळे फुटत. खुडल्या जागीं ऑक्झिन लावलें कीं ते पुन्हां दबून राहत. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांच्या हे अंगवळणीं पडलेलें आहे. एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत गोडी छाटणी करतांना त्यांचा हात कचरत नाहीं. छाटणी टाळली तर घडांना मुकावें लागेल हें ते जाणतात.

घरांतील वेलीची छाटणी फेब्रुवारी-मार्चांत किंवा पावसाळ्याच्या आरंभीं करावी. थंडींत वाढ मंदावलेली असते. कात्री धारदार व स्वच्छ असावी. पेराच्या वर पाव इंच ठेवून काप घ्यावा. पानें गळून गेलेल्या पेरांवरहि डोळे असतात, म्हणून उघड्या पडलेल्या दोरीचीहि आशा सोडूं नये. मात्र एका वेळीं एकतृतीयांशाहून अधिक वेल कापूं नये. होयाच्या वेलीला निराळा नियम आहे: फुलें सुकलीं तरी त्यांचा दांडा तोडूं नये, पुढील बहर त्याच दांड्यावर येतो.

कापलेले तुकडे टाकूं नका. प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर असूं द्या. पेरावांचून नुसतें पान पाण्यांत ठेवल्यास त्यापासून वेल होत नाहीं. दोनतीन आठवड्यांत मुळ्या धरल्या कीं ते तुकडे त्याच कुंडींत बुंध्याभोवतीं लावावे. विरळ वेल भरगच्च होण्याचा हाच खात्रीचा उपाय. मनी प्लँट चोरून आणल्याशिवाय लाभत नाहीं असें म्हणतात. पण ज्या घरीं नियमानें छाटणी होते, तेथून तो मागूनच मिळतो!

ह्या कामांत तीन गोष्टी सांभाळाव्या. पहिली, बाटलींतील पाणी आठवड्याच्या आंत बदलावें व बाटली आंतून घांसून धुवावी. डेंग्यूचे डांस अशाच सांठलेल्या पाण्यांत होतात आणि त्यांचीं अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. दुसरी, वेलीच्या रसानें कातडीची आग होते आणि पान चावल्यास तोंड सुजतें. तेव्हां रांगतें मूल किंवा मांजर असेल तर वेल उंचावर ठेवावी. तिसरी, नको असलेले तुकडे नाल्यांत किंवा रानांत फेंकूं नयेत. श्रीलंकेंत व हवाई बेटांत ही वेल मोकळी सुटून रानांतील मूळच्या झाडांवर पसरली आहे.

पाण्याविषयीं एवढेंच सांगतों: कुंडींतील वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी घालावें. उजेड भरपूर असावा, पण दुपारचें ऊन नको. अंधाऱ्या कोपऱ्यांत पेरें लांबतात, पानांवरील पिवळी नक्षी पुसट होते आणि आपण त्या लांबण्यालाच वाढ समजतों. तेव्हां वेल किती लांब गेली हें मोजण्याऐवजीं तिच्या बुंध्यापाशीं नवे फुटवे किती आहेत तें मोजावें. तेथें एकहि नसेल तर कात्री घेण्याची वेळ आली असें समजावें.